गडावरची पेठ आणि विद्यापीठाचा बाजार

हिरकणीवाडी हे रायगडाच्या पायथ्याचे गाव. हिरकणी गवळणीची कथा आपल्या महाड-पोलादपूर भागातील प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली असते. गडावर दूध घालायला गेलेली ही बाई दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली; घरी तान्हे मूल, म्हणून ती रात्री कडा उतरून आली, आणि शिवाजी महाराजांनी तिचा गौरव करून त्या कड्यावर बुरूज बांधविला, अशी ही दंतकथा आहे. आपण ती आईच्या मायेची कथा म्हणून सांगतो व ते योग्यच आहे. परंतु तीच कथा व्यापाराच्या अंगाने पाहावी. हिरकणीचे गिऱ्हाईक गडावर, माल तिच्या गोठ्यात आणि वेळ मात्र दरवाजाच्या हाती. एखादी मोठी संस्था शेजारी आली म्हणजे लहान विक्रेत्याची स्थिती अशीच होते. पूर्वी ही संस्था म्हणजे राजधानी असे. आज ती बहुधा विद्यापीठ असते.

आपल्याजवळचे विद्यापीठ म्हणजे माणगाव तालुक्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. त्याची स्थापना 1989 साली झाली. हजारो मुले एका जागी शिकू व राहू लागली की त्यांना वह्या, झेरॉक्स, चहा, किराणा, सायकल दुरुस्ती, केशकर्तन सर्व काही लागते. हा व्यापार कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न लोणेरे, गोरेगाव, माणगाव, महाड येथील दुकानदार पालकांच्या घरातला आहे. त्यांचीच मुले आत शिकतात आणि त्यांचीच दुकाने बाहेर आहेत. म्हणून इतिहासात असे प्रसंग आले तेव्हा काय घडले ते पाहणे अगत्याचे वाटते.

प्रथम रायगड. 1674 साली राज्याभिषेक झाला, तेव्हा हा गड मराठी राज्याची राजधानी होता. गडावर आजही दोन लांब रांगांची जोती दिसतात. प्रत्येक रांगेत 22 गाळे आणि मधून सुमारे 40 फूट रुंद रस्ता. काही अभ्यासक ती सरदारांच्या राहण्याची जागा मानतात. पण परंपरेने तिला बाजारपेठच म्हणतात. जोती इतकी उंच, की घोड्यावर बसूनच खरेदी करीत, असे वाटाडे सांगतात. ते खरे धरले तर दुकान कोणत्या गिऱ्हाइकासाठी बांधले होते हे वेगळे सांगायला नको. डोक्यावर दुधाची घागर घेऊन चढणारी बाई त्या गाळ्यांची मालकीण नव्हती.

मात्र त्याच राज्यकर्त्याचे दुसरे एक उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले आणि कोकणच्या मिठाचा धंदा बसू लागला. तेव्हा 1671 साली महाराजांनी कुडाळ प्रांताच्या सरसुभेदाराला पत्र पाठविले, की बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवावी, जेणेकरून ते संगमेश्वराकडील मिठापेक्षा महाग पडेल. स्वस्त माल आला, गिऱ्हाइकाचे भले झाले, एवढ्यावर हा विचार थांबत नाही. आपला मिठागरवाला उद्या कोठे जाईल, हेही त्यात पाहिलेले आहे.

1689 साली रायगड मोगलांच्या हाती पडला व राजधानी गेली. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली. आज त्या 44 गाळ्यांत गवत आहे. सावित्री नदीवरचे महाड मात्र राहिले. पुढे बंदराचे महत्त्व गेले, वाहतूक हमरस्त्यावर आली, तरी पेठ टिकली. कारण उघड आहे. महाडचे गिऱ्हाईक चोहोबाजूंच्या गावांतून येत होते. गडावरच्या पेठेला एकच धनी होता.

आता विद्यापीठाने स्वतः बाजार उभारल्याचे उदाहरण घेऊ. त्यासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जावे लागेल. पेनसिल्व्हानिया विद्यापीठ 1872 साली या शहराच्या पश्चिम भागात आले. 1960 नंतरच्या दशकात शेजारची ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती पुनर्विकासाच्या योजनेत पाडली गेली. या योजनेमागे हे विद्यापीठ व शेजारच्या संस्था होत्या. हजारो माणसे उठली. ती जखम अजून तेथील लोकांच्या बोलण्यात आहे.

पुढे 1990 नंतर या परिसरात गुन्हेगारी वाढली. 1996 साली विद्यापीठातील एका संशोधकाचा रस्त्यात खून झाला. तेव्हा अध्यक्षा ज्युडिथ रोडिन यांच्या काळात विद्यापीठाने दिवे, पहारा, घरे, शाळा यांबरोबर दुकानेही उभारायचे ठरविले. 1998 साली मोठे पुस्तकभांडार उघडले, तेही देशभर दुकाने असलेल्या बार्न्स अँड नोबल कंपनीच्या हाती. मागोमाग हॉटेल आले, मोठे किराणा दुकान आले, चित्रपटगृह आले. रस्ते उजळले, रात्री माणसे फिरू लागली. हा लाभ खोटा नव्हे. घरांच्या किमती मात्र चढल्या.

त्याच सुमारास रस्त्यावर गाड्या लावून जेवण विकणाऱ्यांचा प्रश्न निघाला. कमी पैशांत पोटभर खायला मिळे म्हणून विद्यार्थी त्यांच्याकडे जात. विद्यापीठाच्या आग्रहाने 1998 साली शहराने या गाड्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. पण विक्रेत्यांबरोबर विद्यार्थी व अध्यापकही उठले, सभा झाल्या, आणि अखेर विद्यापीठाला काही गाड्यांसाठी स्वतःच्या जागेत व्यवस्था करावी लागली. गिऱ्हाईक बरोबर उभे राहिले म्हणून विक्रेता वाचला, असे माझे मत आहे. त्याच विद्यापीठाने आपल्या खरेदीचा काही भाग आसपासच्या पुरवठादारांकडून घेण्याची पद्धतही ठेवली. याची चर्चा कमी होते, पण दुकानदाराच्या दृष्टीने ती गाळ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे 1996 साली हिरकणीवाडीहून गडावर रोपवे सुरू झाला. म्हातारीकोतारी माणसे गड पाहू लागली, वाडीला वर्दळ आली. पण जो पाळण्यातून चार-पाच मिनिटांत वर जातो, तो पायऱ्यांवर बसलेल्या बाईचे ताक पीत नाही. तिने आपली टोपली कोठे मांडावी, हे पाळणा बांधताना ठरवायचे असते. नंतर जागा उरत नाही.

येथे एका गोष्टीची आठवण देतो. गडाच्या वाटेवरील नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1956 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशातील विद्यापीठांच्या पैशांचा विचार करणारा माणूस याच मातीतला होता. तेव्हा हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, असे कोणी समजू नये. विद्यापीठाने आवारात दुकाने काढली तर गाळ्याचे भाडे किती, अनामत किती, निविदा मराठीत निघते काय, वसतिगृहाचे दूध, भाजी व अंडी कोठून येतात, आणि फाटक किती वाजता बंद होते, हे प्रश्न पालकांनी लेखी विचारावेत. वाणिज्य शाखेच्या मुलांनी अर्ज लिहून द्यावेत. त्यांचाही अभ्यास होईल.