हक्क पायांचा, वाट रुळांची

स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातून चालायला कोणाची परवानगी लागत नाही. तळ्यात पोहावे, मोकळ्या जागी एखादी रात्र तंबू ठोकून काढावी, रानातली फळे आणि अळंबी वेचावीत. मालक खासगी असो वा सरकार, हा हक्क सर्वांना सारखाच. मर्यादा साध्या आहेत: घराच्या अंगणात शिरू नये, उभे पीक तुडवू नये, झाड तोडू नये, कुणाच्या शांततेचा भंग करू नये. 'अलेमान्सरेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हक्काचा उल्लेख १९९४ पासून त्या देशाच्या राज्यघटनेतही आहे. देशातले जवळपास निम्मे जंगल खासगी व्यक्तींच्या मालकीचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या हक्काचे मोल कळते. त्याची गोष्ट सहसा उत्तरेकडच्या लोकांनी पुरातन काळापासून जपलेली रीत म्हणून सांगितली जाते. ती गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. रीतीने माणसाला जंगलात पाऊल टाकण्याची मुभा दिली. जंगलापर्यंत पोचवले मात्र आगगाडीने, बसने आणि भुयारी रेल्वेने. शहरातल्या कामगाराच्या, शिक्षिकेच्या, शाळकरी पोराच्या वाट्याला हा हक्क आला तो वाहतुकीच्या वेळापत्रकामुळे, असे माझे म्हणणे आहे. ते पुराव्यानिशी मांडता येते.

जुनी रीत नेमकी काय होती, हे आधी पाहिले पाहिजे. रेल्वेपूर्व स्वीडनमध्ये जंगलातून जाणारा माणूस कामासाठी जात असे. चर्चला, बाजाराला, गुरांमागे किंवा दुसऱ्या गावच्या नातलगांकडे जाताना त्याला परक्या जमिनीवरून जावे लागे आणि विरळ वस्तीच्या मुलखात त्याला अडवून कोणाचाच फायदा नव्हता. १८२७ पासूनच्या जमीन-एकत्रीकरणाने जुनी दाटीवाटीची गावे मोडली, घरे आपापल्या शेतांवर विखुरली, सामाईक राने वाटली गेली. तरी ही ये-जा बंद पडली नाही. १८६४ च्या दंडसंहितेत दुसऱ्याच्या रानातून काय उचलले तर गुन्हा ठरतो याची यादी आहे. तीत झाडे, फांद्या, साल, ओकची फळे, कवचाची फळे येतात. रानातल्या बोरांसारख्या बारीक फळांचा आणि अळंब्यांचा उल्लेख नाही. कायद्याने जे गाळले, ते लोकांचे राहिले. म्हणजे ही मुभा होती, पण तिला हक्क म्हणून कोणी घोषित केले नव्हते, आणि निव्वळ आनंदासाठी तळ्याकाठी चालत जाणारा माणूस त्या चित्रात जवळजवळ नव्हताच.

या मुभेची पहिली मोठी कसोटी लागली ती रेल्वेमुळेच. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनभर रूळ पसरले आणि लिंगोन नावाच्या आंबट तांबड्या रानफळाला एकाएकी बाजार मिळाला. गरीब घरांतली बायकामुले ज्या रानात ती वेचत, तिथून पेट्या भरून फळे स्टेशनावर जाऊ लागली आणि पुढे जर्मनीला. ज्या वस्तूकडे जमीनमालकांनी आजवर पाहिलेही नव्हते, तिला पैसा येताच ती आमचीच असे काहीजण म्हणू लागले. प्रश्न संसदेपर्यंत गेला, पण फळे वेचण्याचा लोकांचा मार्ग बंद झाला नाही. त्या मुभेला किंमत आली तेव्हाच तिचा बचाव करण्याची गरज पडली, आणि किंमत आणणारी शक्ती रेल्वे होती. पुढच्या शंभर वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसते: वाहतूक रानाला जवळ आणते, जवळ आलेल्या रानावर कोणीतरी मालकी सांगतो आणि मग समाजाला कायदा करावा लागतो.

भटकंतीसाठी भटकंती ही कल्पना सुरुवातीला सुशिक्षित, सुखवस्तू वर्गाची होती. १८८५ मध्ये उप्साला इथे स्वीडिश पर्यटन संघटना स्थापन झाली. आपला देश ओळखा हे तिचे सांगणे होते आणि तिचा ओढा उत्तरेकडच्या पर्वतांकडे होता. किरुनाच्या लोहखनिजासाठी नार्विकच्या बंदरापर्यंत रेल्वे नेण्यात आली. ती १९०२ च्या सुमारास पूर्ण होताच टोर्नेट्रेस्क या विस्तीर्ण तळ्याकाठी आबिस्को इथे संघटनेने पर्यटकांसाठी ठाणे उभारले. १९०९ मध्ये स्वीडनने युरोपातली पहिली राष्ट्रीय उद्याने घोषित केली, त्यांत आबिस्को होते. 'कुंग्सलेडेन' ही प्रसिद्ध पायवाट इथूनच निघते आणि सुमारे ४४० किलोमीटरवर हेमावानला संपते. तिचे उत्तर टोक खनिजाच्या रेल्वेवर आहे. दक्षिण टोकाकडच्या तेर्ना भागात १९२०च्या दशकात टपाल खात्याच्या बसगाड्या लिक्सेलेहून जाऊ लागल्या होत्या; त्या पत्रे, सामान आणि माणसे एकत्रच नेत. ओसाड पर्वतांतली वाट म्हणून जिची ख्याती, तिचीही दोन्ही टोके सार्वजनिक गाडीला बांधलेली आहेत. तरी स्टॉकहोमच्या गिरणीतल्या माणसाला तिकडे जायला ना भाडे परवडत होते, ना सवड मिळत होती. त्याच्यासाठी महत्त्वाची होती ती शहराजवळची तळी आणि शहराजवळचे जंगल.

आणि तिथेच रेल्वेची दुसरी बाजू दिसते. स्टॉकहोमच्या ईशान्येला रुस्लागेनची अरुंद मापाची रेल्वे १८८५ मध्ये रिम्बोपर्यंत पोचली. १८९३ मध्ये साल्टशोबादेनची लोकल सुरू झाली. तिच्यामागे वालेनबेरी या बँकर घराण्यातल्या क्नुत अगाथोन वालेनबेरी यांचा पैसा आणि पुढाकार होता. पाण्याकाठच्या जमिनी विकसित करणे हा या उद्योगाचा गाभा होता. बंगले, हॉटेल, खासगी धक्के झाले आणि किनारा रेल्वेने जवळ येताच कुंपणात गेला. इथे माझ्या म्हणण्याला कोणी सरळ आक्षेप घेऊ शकेल, की रेल्वेने हक्क दिला नाही, उलट हिरावला. आक्षेपात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रूळ स्वतः कोणाची बाजू घेत नाहीत. तिकीट कोणाला परवडते, रुळांच्या टोकाची जमीन कोणाची आणि सुट्टी कोणाला आहे, यावर त्यांचे फळ ठरते. म्हणूनच केवळ रीत पुरली नाही आणि केवळ रेल्वेही पुरली नाही. दोन्हींना जोडणारे राजकारण लागले.

ते राजकारण १९३०च्या दशकात घडले. १९३७ मध्ये कामगार आणि सहकारी चळवळींनी मिळून 'रेसो' ही प्रवाससंस्था काढली, कारण सहल ही श्रीमंतांची चैन राहू नये असे त्यांना वाटत होते. १९३८ च्या कायद्याने कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९५१ मध्ये ती तीन, १९६३ मध्ये चार आणि १९७८ मध्ये पाच आठवड्यांची झाली. लाखो माणसांच्या हाती एकदम मोकळा वेळ आला आणि या माणसांनी जायचे कुठे, हा सरकारी प्रश्न बनला. १९३७ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीने १९४० मध्ये अहवाल दिला. जुन्या रीतीकडे सर्व नागरिकांचा हक्क म्हणून पाहण्याची दृष्टी याच काळात पक्की झाली. स्टॉकहोम नगरपालिका शहराबाहेर जमिनी विकत घेतच होती. त्युरेस्ताचे जंगल १९३०च्या दशकात तिच्या ताब्यात आले आणि शतकानुशतके उभे असलेले पाइन वृक्ष करवतीपासून वाचले. १९९३ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. शहराच्या मध्यापासून ते अवघ्या वीसेक किलोमीटरवर आहे. किनाऱ्यांचा प्रश्न १९५० च्या तात्पुरत्या आणि १९५२ च्या कायम कायद्याने हाती घेतला गेला आणि १९७५ पासून देशभरच्या समुद्रकाठी, तळ्याकाठी, नदीकाठी साधारण १०० मीटरपर्यंत बांधकामावर सरसकट बंधन आले. साल्टशोबादेनसारख्या वसाहतींनी जे शिकवले, त्याचे हे उत्तर होते.

पण काठ मोकळा ठेवून भागत नाही. काठापर्यंत जाता आले पाहिजे. स्टॉकहोमची भुयारी रेल्वे १९५० मध्ये धावू लागली आणि दक्षिणेकडची नवी उपनगरे तिच्या स्थानकांभोवती माळेसारखी वसवली गेली. दोन फाट्यांच्या मधली राने आणि तळी मोकळी राहिली, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर थोड्याच वेळात जंगल लागावे अशी रचना झाली. १९५८ मध्ये ब्यर्कहागेन स्थानक सुरू झाले. १९७१ मध्ये परगण्याच्या वाहतूक संस्थेने ५० क्रोनरचा मासिक पास आणला. त्या एका पासावर परगण्यात कुठेही, कितीही वेळा फिरता येऊ लागले. कामाला जाण्यासाठी काढलेल्या पासावरच रविवारी रानाच्या तोंडाशी जाता यावे, वेगळा पैसा पडू नये, ही गोष्ट एखाद्या हक्काच्या घोषणेपेक्षा कमी मोलाची नाही. त्याच दशकात 'सोर्मलांड्सलेडेन' ही पायवाट आखायला सुरुवात झाली. आज फाटे धरून तिची लांबी हजार किलोमीटरच्या आसपास आहे, झाडांवरच्या नारिंगी खुणा तिची दिशा दाखवतात आणि तिची सुरुवात ब्यर्कहागेनच्या भुयारी रेल्वे स्थानकापाशी होते. तिथून ती नाका इथल्या संरक्षित वनातल्या तळ्यांजवळून त्युरेस्ताकडे आणि पुढे सोर्मलांडच्या आतल्या मुलखात जाते. तशीच 'रुस्लाग्सलेडेन' ही सुमारे १९० किलोमीटरची वाट दांदरीदच्या उपनगरातून निघून समुद्रकाठच्या ग्रिसलेहाम्नला पोचते. पायवाटा आखणाऱ्यांनी आरंभबिंदू म्हणून एखादे देखणे शिखर किंवा ऐतिहासिक स्मारक निवडले नाही, शहराची हद्द आणि तिथवर जाणारी गाडी निवडली. माझ्या युक्तिवादाला याहून बोलका पुरावा नको.

यावर सर्वांत बळकट आक्षेप मोटारीचा आहे. १९५० मध्ये स्वीडनमध्ये सुमारे २.५ लाख खासगी मोटारी होत्या, १९७० मध्ये २३ लाखांच्या आसपास. त्या काळात दर माणशी मोटारींच्या बाबतीत हा देश युरोपात अग्रेसर होता. स्वीडिश माणसाला जंगलात नेले ते मोटारीनेच, असे कोणी म्हटले तर आकडे त्याच्या बाजूने उभे राहतात. मी ते आकडे नाकारत नाही. त्यांचा अर्थ वेगळा लावतो. मोटारीने प्रामुख्याने उन्हाळी घरांची लाट आणली. ज्याच्याकडे गाडी, त्याला तळ्याकाठचा तुकडा विकत घेणे सोपे झाले, आणि या लाटेपासून किनारा वाचवण्यासाठीच १९५०च्या कायद्यांना पुढे धार लावावी लागली. शिवाय मोटार चालणाऱ्याला परत तिच्याचकडे यायला लावते, म्हणून त्याची वाट गोल फिरते. बसने आलेला माणूस एका थांब्यावर उतरून सरळ चालत जातो आणि दुसऱ्या थांब्यावरून घरी परततो. दिवसभरात संपणाऱ्या टप्प्यांत वाटून दिलेल्या लांब सरळ वाटा याच चालण्याला सोयीच्या आहेत. आणि मोटार नसलेली माणसे काही थोडी नव्हेत: अठरा वर्षांखालची सगळी मुले, वाहन चालवणे सोडलेले वृद्ध, नुकतेच देशात आलेले स्थलांतरित, शिकणारे विद्यार्थी. सर्वांचा म्हणवला जाणारा हक्क या सगळ्यांना वगळून सर्वांचा राहू शकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ज्या मुलखात मैलोन्मैल वस्ती नाही, तिथे दोन-चार भटक्यांसाठी बस चालवणे परवडणार कसे? या हिशेबाने मागच्या शतकात आडवाटेचे अनेक रूळ उखडले गेले. रुस्लागेनच्या रेल्वेचा जवळचा भाग वाचला, पण कोर्स्ता ते रिम्बो हा दूरचा तुकडा १९८१ मध्ये बंद पडला. मात्र याच देशाने दुसरा हिशेबही केला आहे. १९७८ च्या कायद्याने परगणे आणि नगरपालिका यांच्यावर आपापल्या भागातल्या सार्वजनिक वाहतुकीची जबाबदारी टाकली, कारण खेड्यात राहणाऱ्याला दवाखाना, शाळा, बाजार गाठता आला पाहिजे हे मान्य झाले होते. तीच बस उलट दिशेने शहरातल्या माणसाला रानात आणते. तिच्या रिकाम्या बाकांवर तो बसला तर खेड्याची गाडी टिकायला मदतच होते. अडचण वेगळीच आहे. खेड्यांतली बरीच वेळापत्रके शाळेच्या घंटेवर बेतलेली असतात, म्हणून शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, नेमकी चालणाऱ्यांना गरज असते तेव्हा, फेऱ्या कमी होतात. एखादी रविवारची फेरी रद्द होणे हा वाहतूक खात्याच्या खर्चाचा विषय मानला जातो. खरे तर त्या फेरीबरोबर कित्येकांच्या वाट्याचे जंगल त्या दिवसापुरते मिटते, आणि त्यासाठी घटनेतला एक शब्दही बदलावा लागत नाही.

मुक्त संचाराच्या हक्काचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो कोणत्या मध्ययुगीन कायद्यात सापडतो याचा शोध जरूर घ्यावा. पण त्याचे आजचे रूप १९३८ ची रजा, १९५२ चा किनारा-कायदा, १९७१ चा पास आणि शहराच्या कडेला असलेली स्थानके यांनी घडवले, आणि यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी मागितली, भांडून मिळवली, पैसे मोजून उभी केली. रीत आपोआप टिकते असे वाटणे हाच तिला सर्वांत मोठा धोका आहे. जो देश जंगल सर्वांचे म्हणतो, त्याने तिथे जाणारी रविवारची बस ही त्या हक्काचाच भाग म्हणून मोजली पाहिजे आणि अंदाजपत्रकातही तिला त्याच मानाने जागा दिली पाहिजे.