गाजर गवत

परप्रदेशातून येऊन स्थानिक जीवसृष्टीस हानी पोहोचविणाऱ्या वनस्पतींमध्ये गाजर गवताचा समावेश होतो. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव. सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. पाने गाजराच्या पानांसारखी असल्याने तिला हे नाव मिळाले. ‘काँग्रेस गवत’ हे तिचे दुसरे प्रचलित नाव. ‘पीएल-४८०’ योजनेतील अमेरिकन गव्हाबरोबर ती भारतात आली, अशी समजूत आहे. मात्र भारताने हा करार १९५६ मध्ये केला, तर पुण्यात या गवताची नोंद १९५५ मध्येच झाली होती.

एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. वारा, पाणी व वाहने यांमार्फत त्या पसरतात. मोकळे भूखंड, रस्त्यांच्या कडा आणि शेतांचे बांध ते झपाट्याने व्यापते. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य अन्य वनस्पतींची वाढ रोखते. संपर्काने त्वचादाह होतो, तर परागकणांमुळे ॲलर्जीची सर्दी व दमा उद्भवू शकतो. जनावरांनी ते खाल्ल्यास दूध कडवट होते.

१९८४ मध्ये बंगळुरू येथे या गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे सोडण्यात आले. ते पावसाळ्यात प्रभावी ठरतात. कोरड्या दिवसांत मात्र जमिनीत सुप्त राहतात. त्यामुळे फुलोरा येण्यापूर्वीच हातमोजे घालून झाडे मुळासकट उपटणे, हाच नागरिकांच्या हातातील खात्रीचा उपाय होय. फुलोऱ्यानंतर उपटल्यास बिया सांडून प्रसारास उलट मदतच होते.