प्राणायाम व ध्यान : महाराष्ट्रातील वाटचाल

श्वासाचे नियमन (प्राणायाम) व चित्ताची एकतानता (ध्यान) या योगाच्या दोन अंगांचा, मोक्षसाधनेपासून मानसिक ताण हलका करण्याच्या लौकिक साधनापर्यंत झालेला प्रवास. या स्थित्यंतरात विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

पतंजलीच्या अष्टांगयोगात प्राणायाम हे चौथे, तर ध्यान हे सातवे अंग होय. स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत (सु. पंधरावे शतक) श्वास व चित्त यांचे चांचल्य परस्परावलंबी मानले आहे. मात्र ही विद्या गुरुमुखातून निवडक शिष्यांनाच मिळे आणि मनःशांती हे तिचे अंतिम साध्य नसून मार्गावरील एक टप्पा होता. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने नाथपंथाने जोपासली. गहिनीनाथ–निवृत्तिनाथ या परंपरेतील ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे विस्तृत वर्णन केले. तथापि वारकरी संप्रदायात सर्वांना झेपणारी साधना म्हणून नामस्मरणच रूढ झाले. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते येथे असतो. ज्या योग्याची ही पालखी, त्याचा योगमार्ग तेथे जमणाऱ्या बहुसंख्य वारकऱ्यांच्या आचरणात नाही. त्यांचे मन स्थिरावते ते भजनात आणि टाळांच्या ठेक्यावरील चालीत.

योगविद्या गृहस्थांपर्यंत नेण्याचे कार्य नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांनी केले. योगेंद्र (१८९७–१९८९) यांनी १९१८ मध्ये मुंबईतील वर्सोवा येथे योगसंस्था काढली. दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६). त्यांनी बडोद्यातील रुग्णालयात क्षकिरणांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचे परीक्षण केले आणि १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था व योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नसून तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अतिश्रम व वाढता रक्तदाब यांमुळे १९२७ मध्ये प्रकृती ढासळल्यावर महात्मा गांधींनीही यौगिक उपचारांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी ताणाची शरीरशास्त्रीय संकल्पना मांडली. त्याआधीच लोणावळ्यात प्रयोगांची ही परंपरा सुरू झालेली होती.

ध्यानाचा दुसरा प्रवाह ब्रह्मदेशातून आला. मंडाले येथे जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. १९६९ मध्ये भारतात येऊन त्यांनी शिबिरे सुरू केली व १९७६ मध्ये इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र स्थापन झाले. दहा दिवसांच्या मौनशिबिराचा आरंभ आनापानाने होतो. त्यात श्वास रोखावयाचा वा लांबवावयाचा नसतो. येणाऱ्याजाणाऱ्या स्वाभाविक श्वासाकडे केवळ लक्ष द्यावयाचे असते. प्राणायामाहून त्याचा हाच मूलभूत भेद होय. दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९४ मध्ये हजाराहून अधिक बंदिवानांचे विपश्यना शिबिर झाले.

विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटास सु. १२ ते २० वेळा श्वसन करते. ताणाच्या प्रसंगी अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन श्वास व नाडी यांची गती वाढते. हृदयाची गती स्वेच्छेने थेट बदलता येत नाही, श्वासाची मात्र बदलता येते. श्वसन मिनिटास सहाच्या आसपास आणले व उच्छ्वास दीर्घ केला, तर प्राणेशा तंत्रिकेच्या द्वारे परानुकंपी तंत्राचा प्रभाव वाढतो आणि नाडी मंदावते. ताणनिवारणातील श्वासाचे महत्त्व यातच आहे.

या साधनांना मर्यादाही आहेत. श्वास रोखून धरण्याचे (कुंभकाचे) प्रकार उच्च रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांना अपायकारक ठरू शकतात. वन्य पशूला वश करावे तसा प्राण हळूहळू वश करावा, अन्यथा साधकाची हानी होते, असा इशारा हठयोगप्रदीपिकेतही आहे. तीव्र मनोविकार असलेल्यांना दीर्घ मौनध्यान त्रासदायक ठरण्याचा संभव असतो; त्यांच्या बाबतीत ध्यान हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय नव्हे. शिवाय कामाचा अतिरेक, कर्ज, बेकारी यांसारखी ताणाची बाह्य कारणे श्वासाने दूर होत नाहीत. त्यांना सामोरे जाणारे मन तेवढे सावरते. प्राचीन साधकांना जो केवळ मार्गावरील टप्पा वाटत होता, तोच आज बहुसंख्यांचे गंतव्य ठरला आहे.