एक टेलिफोन, एक मोडेम आणि एक समाज

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुले केले. आपल्या ऑनलाइन इतिहासाचा आरंभ बहुधा येथूनच सांगितला जातो. वास्तविक त्यापूर्वीच काही हौशी मंडळींनी स्वतःच्या घरात एक निराळे जग उभारले होते : बुलेटिन बोर्ड, अर्थात बीबीएस. बेळगावात अभियांत्रिकी शिकलेल्या अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये बंगळुरूत सुरू केलेले ‘सीआयएक्स’ हे त्यांपैकीच एक.

साधने तुटपुंजी होती. घरगुती बोर्डाला बहुधा एकच टेलिफोन असे, म्हणून एका वेळी एकच पाहुणा आत येई. निरोप वाचावेत, उत्तर लिहावे, एखादा अक्षरी खेळ खेळावा आणि पुढच्यासाठी लाइन मोकळी करावी. चालकाला ‘सिसॉप’ म्हणत. नियम त्याचे, वीजबिलही त्याचेच. भांडणे मिटवायची त्यानेच.

इंटरनेट पसरले तसे हे बोर्ड मावळले. यंत्र बंद पडले की त्यावरचा वर्षानुवर्षांचा संवादही लोपे. आज आपल्या गप्पा आणि खेळ बड्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालतात. सोय वाढली, किल्ली मात्र परक्या हाती गेली. म्हणूनच घरी सर्व्हर चालवणारे आजचे तरुण त्या सिसॉपांचे वारस ठरतात. मात्र त्या पिढीचा धडा त्यांनी विसरू नये : मालकीसोबत जतनाची जबाबदारीही येते.

आपल्यापैकी कोणाच्या जुन्या फ्लॉपीवर ते संवाद उरले असतील, तर ते आजच उतरवून ठेवावेत.