मोकळी केलेली जमीन : एका विद्याशाखेची प्रस्तावना

घाणेरीने गच्च भरलेली जमीन मोकळी करायला निघालेल्या माणसाने कुऱ्हाड किंवा यंत्र हाती घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे झुडूप कापल्यावर पुन्हा कुठून फुटते? खोडावरच्या डोळ्यातून, खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून, मुळातून, की मातीत आधीच पडून राहिलेल्या बियांतून? पुढचा सगळा खर्च, सगळे कष्ट आणि पाच वर्षांनंतरची त्या जमिनीची अवस्था या उत्तरावर ठरते. हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती रचले आहे. गायरान मोकळे करू पाहणारे ग्रामपंचायतीचे सदस्य, वडिलोपार्जित पण वर्षानुवर्षे न कसलेल्या जमिनीकडे परत आलेले शेतकरी, वनरक्षक, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी अशा सर्वांचे इथे स्वागत आहे. यंत्राची माहिती असलेल्याला माती शिकावी लागेल आणि माती जाणणाऱ्याला यंत्र. तसे शिकण्याची तयारी असली की पुरे.

यंत्रापासून सुरुवात करू, कारण आज या क्षेत्राकडे बहुतेक लोक यंत्राच्या ओढीने येतात. खोडवा उसाचे पाचट न पेटवता जागेवरच त्याची कुट्टी करणारे ट्रॅक्टरचलित यंत्र पश्चिम महाराष्ट्रात आता नवे राहिलेले नाही. कापूस पट्ट्यात पऱ्हाट्यांचीही अशीच कुट्टी केली जाते, गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून. फॉरेस्ट्री मल्चिंग हे त्याच जातीचे काम आहे. फक्त समोर मनगटाएवढी, मांडीएवढी खोडे असतात. साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीच्या पुढे किंवा पोकलेनच्या हाताच्या टोकाला पोलादी ड्रम आडवा बसवलेला असतो आणि त्यावर टंगस्टन कार्बाइडचे दात असतात. ड्रम वेगाने फिरत झुडूप वरून खाली भरडत आणतो आणि चुरा तिथेच पसरतो. काही यंत्रांना ड्रमऐवजी चकती असते. ती झपाट्याने कापते, पण ढलप्या फार लांब फेकते. यंत्र चालू असताना सुमारे ९० मीटरच्या आत कोणीही असू नये हा नियम म्हणूनच पाळायचा असतो. गुरे, कुत्री आणि उत्सुक मुले यांनाही तो लागू आहे.

या पद्धतीचा खरा फायदा वेगात नाही, मातीत आहे. कोकणात बागेसाठी डोंगरउतार मे महिन्यात जेसीबीने खरडला जातो आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर तांबडी माती वहाळाला लागते. जेसीबी झुडूप मुळासकट उपटतो आणि त्याबरोबर वरचा सुपीक थरही ढिगात ढकलतो. तो ढीग पुढे पेटवला जातो. मल्चिंगमध्ये मुळे जमिनीतच राहून माती धरतात, चुऱ्याचे आच्छादन पावसाच्या थेंबांचा मार झेलते आणि जाळण्यासारखा ढीगच उरत नाही. उतारावर मला ही पद्धत बुलडोझरपेक्षा निःसंशय चांगली वाटते.

पण मुळे जमिनीत राहतात, हीच या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा आहे.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे उदाहरण घ्या. तिथल्या गवताळ प्रदेशात ईस्टर्न रेड सीडर हे तिथलेच झाड. पूर्वी वरचेवर लागणाऱ्या वणव्यांमुळे ते खडकाळ कड्यांपुरतेच राहत असे. वणवे थांबवले गेले आणि ते कुरणांवर पसरले. सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापले की हे झाड मरते. अशा झाडावर मल्चर एका फेरीत काम संपवतो आणि त्याची कीर्ती बरीचशी अशाच झाडांवर उभी आहे. त्याच देशात थोडे दक्षिणेला, टेक्सासमध्ये, मेस्किट वाढते. ते जमिनीखालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते, आणि आधी एक खोड होते तिथे पुढच्या हंगामात धुमाऱ्यांचा झुबका दिसतो. आपली वेडी बाभूळ या मेस्किटचीच सख्खी नातलग आहे. गिरिपुष्पाचे काय होईल ते तर कोणताही शेतकरी सांगेल. बांधावर लावा, वर्षातून दोन-तीनदा छाटा आणि पाला शेतात घाला, ही शिफारस त्याच्या पुन्हा फुटण्याच्या गुणामुळेच केली जाते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी राखलेल्या माळरानावर हेच झाड लावले गेले होते. तिथे नुसता मल्चर फिरवणे म्हणजे गिरिपुष्पाची छाटणी करून देणे.

घाणेरीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण महाराष्ट्रात या विषयाची पहिली परीक्षा तिच्यावरच होते. कुठे तिला टणटणी म्हणतात, वनखात्यात लँटाना. उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे झुडूप १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आले. निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातील व्याघ्रक्षेत्रापैकी सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक भागाला तिचा धोका असल्याचे दाखवले आहे. गुरांना तिचा पाला विषारी असतो आणि हरणांच्या चाऱ्याची जागा ती व्यापते. तिच्या काळ्या फळांवर बुलबुलांसारखे पक्षी तुटून पडतात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.

दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटमध्ये तिचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसले की घाणेरी मुख्यतः खोडाचा तळ आणि मूळ जिथे जुळतात त्या छोट्याशा टापूतून फुटते. म्हणून त्यांनी सुचवलेली पद्धत अशी: लांब दांड्याच्या कुदळीने मातीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे, अख्खा झुबका उचलायचा आणि उलटा करून ठेवायचा, म्हणजे खोडांना माती लागून नवी मुळे फुटणार नाहीत. यात जमीन खणावी लागत नाही, रसायनही लागत नाही. पुढची पायरी मला त्याहून मोलाची वाटते. पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली घाणेरीची रोपे दाट उगवतात. पहिल्या पावसानंतर तिथे जाऊन ती हाताने उपटायची आणि मोकळ्या जागी स्थानिक गवत लावायचे. मूळ तोडण्याचे काम मजूर एक-दोन दिवसांत शिकतो. झाडांखाली पुन्हा पुन्हा जाण्याची शिस्त मात्र वर्षानुवर्षे पाळावी लागते, आणि आपल्या बहुतेक प्रकल्पांचा निधी नेमका तिथेच संपतो.

मग घाणेरीवर मल्चर चालवूच नये का? चालवावा, पण पहिली वाट पाडायला. माणूस आत शिरू शकत नाही इतक्या दाट जाळीत मल्चरने वरचा भार उतरवावा, फळे पिकण्याआधी उतरवावा, आणि मागोमाग कुदळ घेतलेली माणसे गेली पाहिजेत. मजुरीचा खर्च वाचवायला यंत्र आणायचे आणि मजूर वगळायचे असा हिशेब असेल, तर दोन पावसाळ्यांत जाळी परत येते.

आता जमिनीवर पडलेल्या चुऱ्याविषयी. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे. तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतले नत्र ओढून घेतात आणि नव्या रोपांना ते काही काळ कमी पडते. ऊस शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. दर टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस त्यासाठीच असते. कुरणावर युरिया टाका असे मी म्हणणार नाही. नत्राने उलट तण माजते. तिथे थर पातळ ठेवणे हाच उपाय. जाड थराखाली घाणेरीचे बी दबते, पण मारवेल, पवना, कुसळीचे बीही दबते. आगीचा धोका वेगळाच. कॅलिफोर्नियात मॅट बसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की भरडलेल्या झुडपांचा साडेसात सेंटिमीटर किंवा त्याहून जाड थर कोरड्या मातीवर जळला, तर जमिनीखाली १० सेंटिमीटरपर्यंत तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. मुळे आणि बिया त्यात होरपळतात. माती ओली असेल तर ही उष्णता बरीच कमी पोचते. आपल्याकडे उन्हाळी वणवे कोरड्या मातीवरच लागतात, तेव्हा हा आकडा पाठ असू द्यावा.

या विषयाचा इतिहास नम्र करणारा आहे. फड्या निवडुंगावर आपल्याकडे उपाय सापडला तो एका किड्याने. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किड्यांनी दक्षिणेतली निवडुंगाची रानेच्या राने संपवली. घाणेरीवर १९२१ पासून किडे सोडले गेले, पण ती बधली नाही. शोनिल भागवत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया, भारत आणि दक्षिण आफ्रिका इथल्या दोनशे वर्षांच्या प्रयत्नांचा आढावा घेतला, तेव्हा तिन्ही ठिकाणी ती पसरतच गेल्याचे दिसले. समूळ उच्चाटनाची भाषा सोडून निवडक जागा राखाव्यात, या त्यांच्या सूचनेकडे मी झुकतो. कर्नाटकातल्या बिळिगिरिरंगन डोंगरात सोलिगा लोक सांगतात की आपल्या हलक्या पालापाचोळ्याच्या आगी बंद झाल्यावर घाणेरी माजली. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि त्यानंतर या आगी थांबल्या. सोलिगांची ही साक्ष संशोधकांनी फार उशिरा गांभीर्याने घेतली. शेजारच्या मलै महादेश्वर डोंगरात याच समाजातले कारागीर घाणेरीच्या काड्यांपासून फर्निचर बनवतात. घाणेरी संपवायला हा धंदा पुरणार नाही, पण ती वर्षभर कापत राहायला एक कारण मिळते.

काय काढू नये, हेही या विषयाचाच भाग आहे. बोर, तरवड आणि हिवर माळावर असणारच. तिथे त्यांचे घर आहे. यंत्राच्या केबिनमधून पळसाचे रोप आणि घाणेरीचा फुटवा सारखेच दिसतात. म्हणून यंत्र येण्याआधी राखायच्या प्रत्येक रोपाला रंगीत फीत बांधावी. खासगी जमिनीवरही साग, खैर, हिरडा, मोह यांसारख्या वृक्षांना महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे. भरडून झाल्यावर परवानगी मागण्यात अर्थ नसतो.

नवागताने सुरुवात मोजण्यापासून करावी. मेळघाटात गावे उठून गेलेल्या जागी कुरणे उभी करणारे गजानन मुरतकर यांच्यासारखे गवताचे अभ्यासक वर्षानुवर्षे जमिनीकडे वाकून बघत आले आहेत. तुम्ही एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्या. मल्चिंग झालेल्या जागेत आणि शेजारच्या न छेडलेल्या जागेत ती दहा-दहा ठिकाणी ठेवा. चुऱ्याची जाडी मोजा, आतली रोपे जातवार मोजा, फुटलेले बुंधे वेगळे लिहा. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत तेच पुन्हा करा. ओक्लाहोमाचा थंड हिवाळा किंवा कॅलिफोर्नियाचा कोरडा उन्हाळा यांचे निष्कर्ष सह्याद्रीच्या पावसाला आणि विदर्भातल्या वाळवीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथले आकडे इथेच जमवावे लागतील. पहिल्या प्रकरणात चौकट कशी आखायची ते दिले आहे आणि शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत. ते भरून झाले की त्यांची प्रत गावच्या वनहक्क समितीकडेही ठेवा.