परसातील कोंबड्या : वयात येणे व अंड्यावर येणे (यवतमाळ जिल्हा)

घरोघरी मोकळ्या सोडून पाळलेल्या कोंबड्यांमध्ये (गॅलस गॅलस डोमेस्टिकस) नर आणि मादी एकाच वेळी वयात येत नाहीत. नर आधी येतो, तलंग (अंड्यावर न आलेली तरुण मादी) मागाहून येते. एकाच खेपेच्या पिल्लांमध्ये दिसणारी ओढाताण बहुतांशी या अंतरामुळे होते. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील कोलामांचे पोड (वस्त्या), गोंडांच्या वस्त्या आणि कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या गावांत अशा कोंबड्या पाळल्या जातात. दाणे, उष्टे-खरकटे आणि किडे-वाळवी हे त्यांचे खाद्य.

नर : देशी नर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अडखळत आरवू लागतो, त्याचा तुरा वाढतो व लाल होतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास तो माद्यांच्या मागे लागतो. मुरलेला नर दाणा चोचीने उचलून-टाकून माद्यांना बोलावतो, एक पंख खाली सोडून मादीभोवती फेर धरतो आणि ती खाली बसली की मानेची पिसे धरून पाठीवर चढतो. दोघांचे अवस्कर (विष्ठा व प्रजननाचे एकच द्वार) क्षणभर टेकले की वीर्य मादीत जाते. कोवळा नर बहुधा ही आळवणी न करताच तलंगेवर झडप घालतो. ती तयार नसल्याने पळते, ओरडते. एका खुराड्यात असे तीन-चार नर असले, तर माद्यांच्या डोक्यावरची व पाठीवरची पिसे झडतात, जखमाही होतात. म्हणून चौथ्या महिन्यानंतर जास्तीचे नर वेगळे ठेवावेत किंवा विकावेत.

मादी : देशी तलंग साधारण सहा ते आठ महिन्यांत पहिले अंडे घालते. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जाती फार्मवर पाचव्या महिन्यातच अंड्यावर येतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली परसासाठीची वनराजा जात सहाव्या महिन्याच्या आसपास येते. अंड्यावर येण्याआधी तुरा लाल होतो, गुदाजवळच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावतात, मादी अडोशाची जागा शोधते आणि पाठीवर हात ठेवताच दबून बसते. सुरुवातीची अंडी लहान, क्वचित मऊ कवचाची किंवा दोन बलकांची असतात. एक अंडे तयार होण्यास सुमारे 25 तास लागतात. काही अंडी घातल्यावर देशी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. त्यामुळे वर्षाला तिची 50 ते 70 च अंडी मिळतात.

ऋतू व खाद्य : अंडी घालण्याला दिवसाच्या लांबीने चालना मिळते. येथे डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा, तर जूनमध्ये 13 तासांहून थोडा मोठा असतो. दिवस लहान होत असताना वाढलेल्या तलंगा अंड्यावर येण्यास काहीसा उशीर लावतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हात कोंबड्या धापा टाकतात. अंडी कमी व पातळ कवचाची होतात आणि नरांची प्रजननक्षमता घटते. कपाशीच्या या मुलखात सरकीची ढेप सहज मिळते, पण तिच्यातील गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो व जास्त खाल्ल्यास अंडी घटतात. अंड्यावर आलेल्या माद्यांना शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा द्यावा.

फलन : एकदा मिळालेले वीर्य मादीच्या अंडवाहिनीत साठून राहते, त्यामुळे नर काढून घेतल्यावरही आठवडाभर आणि कधी त्याहून अधिक काळ फलित अंडी मिळतात. भावंडांचाच आपसात समागम होत राहिल्यास अंडी कमी उबतात. म्हणून नर दुसऱ्या गावातून आणणे चांगले. खाण्यापुरती अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. पिल्ले काढायची असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक पूर्ण वाढलेला नर पुरतो.