जीन एक्स्प्रेशन म्हणजे काय? ल्युकेमियाच्या काही पेशी केमोला का जुमानत नाहीत?

बोदवडहून मुंबईच्या टाटा मेमोरियलला जायचं म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. ल्युकेमिया झालेल्या मुलांचे आईवडील असा प्रवास दोन-अडीच वर्षं करत राहतात. तिथे आजार एकच, औषधंही तीच, तरी एक मूल बरं होतं आणि दुसऱ्याचा आजार उलटतो. असं का होतं, ते समजून घेऊ.

जीन एक्स्प्रेशन म्हणजे काय?

शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो. फरक पडतो तो कुठला जीन चालू आहे आणि किती, यामुळे. जीन चालू झाला की त्याची आरएनए प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये एकच, पण सेटिंग वेगळी, तसंच. कॅन्सरच्या पेशीत मात्र कोडही बिघडतो आणि त्यामुळे सेटिंगही.

पेशी औषधातून कशी सुटते?

लहान मुलांत सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यावरचं अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध रक्तातलं अ‍ॅस्परॅजिन संपवतं. निरोगी पेशी ते स्वतः बनवतात. ल्युकेमियाच्या पेशींना ते सहसा पुरेसं जमत नाही, म्हणून त्या उपाशी मरतात. पण ते बनवणारा जीन एखाद्या पेशीत जोरात चालू असेल, तर ती तग धरू शकते.

हे मोजतात कसं?

२००४ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १७३ मुलांच्या पेशींवर चार औषधं वापरून पाहिली आणि जीन चिपवर एक्स्प्रेशन मोजलं. औषधाला दाद न देण्याशी जोडलेले १२४ जीन सापडले. इंजिनिअर म्हणून एक सांगतो: टेबलात रकाने हजारो आणि ओळी फक्त १७३ असतील, तर योगायोगानेही पॅटर्न दिसतो. म्हणूनच हा निष्कर्ष दुसऱ्या संस्थेतल्या मुलांवर पुन्हा तपासला गेला.

मग डॉक्टर काय बघतात?

प्रत्यक्षात मोठा भर असतो एमआरडी तपासणीवर. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर अस्थिमज्जेत दहा हजारांत एक कॅन्सरपेशी उरली, तरी ती पकडता येते. जास्त उरल्या असतील तर पुढचे उपचार कडक होतात.

लक्षात ठेवा

मूल खेळायला लागलं, रिपोर्ट चांगला आला, म्हणजे आजार संपला असं नाही. लपून राहिलेल्या मोजक्या पेशींसाठीच घरच्या गोळ्या पुढे दीड-दोन वर्षं चालतात. कापूस वेचणी असो की गाडीभाड्याची अडचण, डॉक्टरांना सांगा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.